कोलिकमुळे रडणारं बाळ: शांत करताना आणि झोपवताना या चुका टाळा

दिवेलागणीची वेळ होते आणि दिवसभर बरं असलेलं बाळ किंचाळायला लागतं. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी घेतलेले, चेहरा लालबुंद. पाजायला घेतलं तर दोन घोट घेऊन तोंड फिरवतं. खांद्यावर टाकलं तर क्षणभर थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. मग घरातला प्रत्येक जण आपापला उपाय सांगतो. कुणी दृष्ट काढतं, कुणी बेंबीला हिंग लावतं, कुणी औषधाच्या दुकानातून थेंब घेऊन येतं.

डॉक्टर याला कोलिक म्हणतात. 1954 साली वेसल या अमेरिकी डॉक्टरांनी त्याची एक सोपी व्याख्या केली: दिवसाला 3 तासांहून जास्त, आठवड्यातून 3 दिवसांहून जास्त, असं 3 आठवडे चाललेलं रडणं, आणि बाळ एरवी निरोगी. आता तास मोजत कुणी बसत नाही, पण वेळापत्रक तेच आहे. जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी रडणं वाढायला लागतं, साधारण सहाव्या आठवड्यात कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरतं. आपल्याकडे नेमकी याच सुमाराला दीड महिन्याची लस असते, त्यामुळे बिचाऱ्या इंजेक्शनवर पुष्कळदा आळ येतो. लसीमुळे एखाददुसरा दिवस बाळ किरकिरतं, ताप येतो, हे खरं. रोज संध्याकाळचं रडणं मात्र त्या वयाचं असतं.

त्याच वयात आणखी एक धोका असतो आणि घाईगडबडीत तो नजरेआड होतो. झोपेत अचानक श्वास थांबून बाळ दगावण्याचं प्रमाण पहिल्या सहा महिन्यांत, त्यातही दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सगळ्यात जास्त असतं. रडून रडून दमलेलं बाळ आणि जागरणाने अर्धमेली झालेली आई यांना पहाटे तीन वाजता जे चालेल ते करावंसं वाटतं. म्हणून एक गोष्ट मनाशी पक्की करून ठेवा: बाळाला शांत करायची पद्धत वेगळी आणि झोपवायची वेगळी. पुढच्या बहुतेक चुका या दोन्हींची गल्लत झाल्याने होतात.

चूक: पालथं झोपतं म्हणून तसंच ठेवणं

पोटावर टाकलं की कोलिकचं बाळ खरंच शांत होतं, गाढ झोपतं. ही गाढ झोपच घातक ठरते. पालथ्या बाळाचं नाक गादीत दबतं, सोडलेलाच श्वास ते परत आत घेतं, आणि झोप इतकी जड असते की गुदमरलं तरी जाग येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 साली बाळांना पालथं न झोपवण्याचा सल्ला दिला, 1994 पासून पाठीवर झोपवण्याची देशभर मोहीम झाली, आणि पुढच्या दहाएक वर्षांत असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. नवं औषध नाही, यंत्र नाही, फक्त बाळ उताणं झोपवलं.

यावर आजीचा प्रश्न ठरलेला असतो: उताणं असताना दूध बाहेर आलं तर घशात जाऊन ठसका लागेल ना? काळजी रास्त आहे, पण शरीराची रचना उलटं सांगते. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायला त्याला वर चढावं लागतं. शिवाय निरोगी बाळ ते गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. पालथ्या बाळात श्वासनलिका खाली येते आणि दूध तिच्याकडे ओघळायची शक्यता वाढते. कुशीवर झोपवणं हा मधला मार्ग वाटतो, पण तोही नको. लहान बाळ कुशीवर टिकत नाही, घरंगळून पालथं होतं.

मग पोटावरचा तो आराम द्यायचाच नाही का? द्या, पण हातावर आणि तुम्ही जागे असताना. बाळाला डाव्या हातावर पालथं घ्या. गाल तुमच्या कोपराच्या खोबणीत, तोंड बाहेरच्या बाजूला, पोट हातावर टेकलेलं आणि तुमच्या पंज्यात त्याची मांडी घट्ट धरलेली. उजवा हात पाठीवर ठेवा आणि घरात सावकाश फेऱ्या मारा. पोटाला मिळणारा दाब आणि चालीचा झोका या दोन्हींनी पुष्कळ बाळं निवळतात. आजोबा आणि बाबांचे हात यासाठी फार उपयोगी पडतात, लांब असतात आणि लवकर भरून येत नाहीत.

डोळे मिटले की लगेच खाली ठेवू नका. बाळाचा एक हात अलगद उचलून सोडून बघा, सैल पडला तर झोप लागली आहे. मग त्याला उताणं वळवून आधी ढुंगण टेकवा, मग पाठ, शेवटी डोकं. छातीवर तुमचा तळवा मिनिटभर तसाच राहू द्या आणि मग हळूच काढा. आधी डोकं टेकवलं की दचकतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. पुढे बाळ स्वतःहून दोन्हीकडे वळायला लागलं की झोपेत पालथं झाल्यास पुन्हा पुन्हा उलटवायची गरज नाही, पण झोपवताना सुरुवात पाठीवरच.

चूक: रात्रभर झोळीत

झोळीबद्दल लिहिताना हात जरा आखडतो, कारण आपल्या कितीतरी पिढ्या तिच्यात वाढल्या. पण झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि कोवळी श्वासनलिका दबते. रडणं थांबवायला, शेजारी बसून झोका द्यायला झोळी वापरा. झोप लागली की सपाट, कडक गादीवर काढून ठेवा. गाडीतली खुर्ची, झुलती खुर्ची, तिरपं करून ठेवलेलं अंथरूण यांनाही हेच लागू आहे. दूध वर येतं म्हणून डोक्याकडची बाजू उंच करायचा सल्ला अजून मिळतो, पण त्याने दूध यायचं थांबत नाही आणि बाळ खाली सरकून मान मुडपते.

चूक: मऊ उशी, गोधडी, टोपडं

डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात. वर्षाच्या आत कुठलीच उशी नको. डोक्याच्या आकारासाठी झोपवताना मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ठेवा आणि दिवसा जागेपणी तुमच्या नजरेसमोर पोटावर खेळवा. अंथरुणात लोड, तक्के, मऊ खेळणी, सुटी पांघरुणं नकोत.

घट्ट बाळुत्यात गुंडाळल्याने बाळ शांत होतं हे खरं, आणि आपल्या आज्ज्यांचा हात त्यात बसलेला असतो. एवढंच पाहा: हात अंगाशी आवळले तरी छातीवर दोन बोटं जातील इतकी ढील हवी आणि पाय गुडघ्यात वाकून फाकता आले पाहिजेत. पाय सरळ करून बांधले तर खुब्याचा सांधा निखळू शकतो. गुंडाळलेलं बाळ कायम पाठीवरच हवं, आणि वळायची धडपड दिसली की गुंडाळणं बंद.

ऊब किती, हे ऋतू बघून ठरवा. मे महिन्यात नागपूरच्या किंवा सोलापूरच्या घरात टोपडं, मोजे आणि दोन दुपटी म्हणजे बाळाला उकडवणं आहे, आणि अति उष्णतेनेही झोपेतला धोका वाढतो. मानेमागे हात लावून बघा, घाम असेल तर एक थर कमी करा. झोपताना घरात टोपडं नको.

चूक: सोफ्यावर पाजता पाजता झोपणं

आपल्याकडे बाळ आईजवळच झोपतं. एकाच खोलीत, पण बाळ वेगळ्या सपाट पृष्ठभागावर, ही सगळ्यात सुरक्षित सोय. जागा नसेल तर जमिनीवर पातळ, कडक गादी घालून बाळ आईशेजारी ठेवा, मध्ये दुसरं मूल किंवा उशी नको, पांघरूण प्रत्येकाचं वेगळं. घरात कुणी सिगारेट-विडी ओढत असेल, दारू किंवा झोपेचं औषध घेतलं असेल, बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मलं असेल, तर एका अंथरुणात अजिबात नको. आणि सोफा कुणासाठीच नको. गाद्यांच्या फटीत बाळ सरकून गुदमरतं. डोळा लागेल असं वाटत असेल तर सोफ्यापेक्षा गादीवर बसून पाजा.

चूक: रडतंय म्हणून पोटात काहीतरी घालणं

घुटीत काय काय उगाळलं जातं बघा: वेखंड, जायफळ, हिरडा, मुरडशेंग, कधी मध. मधामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम हा लकवा मारणारा आजार होऊ शकतो, जायफळ जास्त झालं तर गुंगी येते. सहाणेवर किती वेढे फिरले यावर मात्रा ठरते, म्हणजे ती कुणालाच नक्की माहीत नसते. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या बाळांना अफूची बाळागोळी देत, बाळं शांत पडून राहत. नाइलाजाने दिलेल्या त्या गोळीने किती नुकसान केलं असेल! गुंगीतलं बाळ आणि बरं वाटलेलं बाळ बाहेरून सारखंच दिसतं.

दुकानातल्या थेंबांच्या बाटलीवरचं नाव वाचा. डायसायक्लोमीन असेल तर सहा महिन्यांच्या आत देऊ नये, त्याने श्वास अडकल्याची आणि झटके आल्याची उदाहरणं आहेत. सिमेथिकोन बहुधा निरुपद्रवी आहे, पण कोलिकसाठी त्याचा खास उपयोग दिसलेला नाही.

हिंगाचा कोमट लेप बेंबीभोवती लावायला हरकत नाही, नाळ पडून जागा सुकली असेल तर. तव्यावर तापवलेलं पान किंवा कापड मात्र नको, तान्ह्याची कातडी लगेच भाजते. बंद खोलीत बाजेखाली शेगडी ठेवणंही सोडा, निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि पोट फुगलं म्हणून चटके देणं, ज्याच्या बातम्या मेळघाटातून अजून येतात, हा उपचार नाही. त्या बाळाला त्याच घडीला दवाखाना हवा.

पोटाचा विचार करायचाच तर पाजण्याकडे बघा. बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्र नको, भोवतीचा बराचसा काळा भाग हवा, नाहीतर दुधाबरोबर हवा जाते. एक बाजू पूर्ण रिकामी झाल्यावर दुसरी द्या. पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर. जमत नसेल तर आशाताईंना दाखवा, त्यांची 42 व्या दिवसाची भेट रडण्याच्या कळसाच्या सुमारालाच असते.

चूक: संतापाच्या भरात हलवणं

तासभर किंकाळ्या ऐकून कुणाचाही तोल जाऊ शकतो. खांदे धरून जोरात हलवल्याने बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होतो, त्याला काही सेकंद पुरतात. हात थरथरायला लागले तर बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवा, दार लोटा, दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत बसा, पाणी प्या, कुणाला तरी फोन करा. एकटं रडल्याने बाळाला इजा होत नाही. रात्रीच्या पाळ्या लावून घ्या. आईला सलग चार तास झोप मिळेल अशी पाळी घरातल्या बाकीच्यांनी उचलली तर दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ वेगळी जाते.

चूक: ‘कोलिकच असेल’ म्हणून थांबणं

ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त, हिरवी उलटी, लांब उडणारी उलटी, शीमध्ये रक्त, टाळू फुगलेली, दूध पूर्ण सोडलेलं, बाळ लुळं किंवा सुस्त, शी-शू कमी झालेली, वजन वाढत नसलेलं, जांघेत गाठ: यातलं एकही असेल तर सकाळची वाट बघू नका. एरवी शांत असलेलं बाळ अचानक थांबता थांबेना असं रडत असेल तर सगळे कपडे काढून बघा. पायाच्या बोटाला आईचा केस किंवा मोज्याचा धागा आवळून बसलेला असतो आणि तो मोज्यात दिसत नाही. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे पडले असतील, तर थेट 108 लावा.