कोडिंग बूटकॅम्पची फी भरण्याआधी हे करून बघा

कोडिंग बूटकॅम्प, म्हणजे काही महिन्यांत प्रोग्रामिंग शिकवणारे क्लास, लाख-दीड लाख फी मागतात, वर प्लेसमेंटची पोस्टर दाखवतात, पण आपल्याला त्याचा खरंच उपयोग होईल का हे त्यावरून काहीच कळत नाही.

१. लिंक्डइनवर त्या बूटकॅम्पचं नाव सर्च करा आणि वर्षभरापूर्वी कोर्स संपवलेली १५-२० पोरं शोधा, पोस्टरवरची सोडून. कोर्सनंतर जॉब कधी लागला आणि आधीची डिग्री काय, एवढंच बघायचं. कॉम्प्युटरवाल्याला जॉब लागला त्यावरून काही ठरवू नका, तुम्ही बीकॉम किंवा मेकॅनिकलवाले असाल तर तशाच लोकांचं पुढे काय झालं ते महत्त्वाचं. बरेच जण त्याच संस्थेत टीचिंग असिस्टंट दिसले तर ती प्लेसमेंट धरायचीच नाही.

२. त्यातल्या दोघा-तिघांना सरळ मेसेज टाका, "पहिला पगार हातात किती आला आणि जॉब क्लासने दिला की स्वतः शोधला?" लोक सांगतात हो, विचारायला लाजू नका.

३. महिनाभर फ्रीकोडकॅम्प किंवा हार्वर्डचं सीएस५० यातला एक ऑनलाइन कोडिंग कोर्स फुकटात करा, रोज तासभर. एकट्याने जमतंय तर फी कशाला भरायची? आवडतंय पण अडल्यावर विचारायला कोणी नाही म्हणून गाडी थांबते, अशांनाच बूटकॅम्पचा खरा फायदा होतो.

आणि 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या नावावरचं कर्ज असतं, कोर्स मध्येच सोडला तरी हप्ते चालूच राहू शकतात आणि थकले की सिबिल खराब, त्यामुळे रिफंडचे नियम लेखी हातात आल्याशिवाय कर्जासाठीचा ओटीपी देऊ नका.