टोमॅटोत क्रायसोपर्ला सोडायच्या आधी

क्रायसोपर्ला म्हणजे मावा आणि पांढरी माशी खाणारा मित्रकीटक. तो सोडायच्या आधी रोपवाटिकेला फोन लावा. रोपांच्या ट्रेवर आळवणी (मुळाशी औषधाचं पाणी ओतणं) कशाची केली आणि कोणत्या तारखेला, हे विचारून वहीत लिहा. बहुतेक वेळा इमिडाक्लोप्रिड नाहीतर थायामेथोक्झाम निघतं. दोन्ही कीटकनाशकं आंतरप्रवाही, म्हणजे रोपाच्या आत भिनणारी; रोपाच्या रसात कित्येक आठवडे टिकतात. तो रस पांढरी माशी आणि मावा शोषतात, त्यांना क्रायसोपर्लाची अळी खाते आणि मरते. वरून फवारणी महिनाभर बंद असली तरी याने काही फरक पडत नाही.

मित्रकीटकांची मागणी आगाऊ नोंदवा. अंतर साडेचार बाय दीड फूट असेल तर एकरी साधारण 6,450 झाडं बसतात. झाडाला 2 अळ्या धरल्या तर 13,000 लागतील. अंड्यांपेक्षा दोन दिवसांच्या अळ्या मागा. अंडीच आली तर भिंगातून पाहा: ताजं अंडं फिकट हिरवं असतं, फुटायच्या आधी करडं पडतं, पांढरं दिसलं तर रिकामं टरफल. करडी दिसली की डबा घरात ठेवूच नका, निघालेली अळी शेजारचंच अंडं खाते.

आळवणी पुन्हा तपासा. लागवडीनंतर व्हेंचुरीतून (ठिबकच्या पाण्यात औषध ओढून घेणारी नळी) काही सोडलंय का? तीही आळवणीच. नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला आणलेली रोपं कोणत्या ट्रेची? त्यांचीही तारीख हवी. रोपवाटिकावाला 'काही नाही टाकलं' म्हणाला तरी खात्री करून घ्या. दहा छोट्या डब्या घ्या, प्रत्येकीत त्याच रोपांचं, पांढऱ्या माशीची पिल्लं असलेलं पान आणि क्रायसोपर्लाची एकच अळी ठेवा (दोन ठेवल्या तर एकमेकींना खातील). दोन दिवसांत निम्म्याच्या वर मेल्या तर सोडणी पुढे ढकला. पुढच्या प्लॉटची रोपं बिनआळवणीची आणि 40 मेशच्या (इंचाला 40 छिद्रं) जाळीतली हवीत, हे बुकिंग करतानाच सांगा. नंतर सांगून काही होत नाही.

मुंग्या बघा. माव्याच्या चिकट्यासाठी (मावा सोडतो तो गोड चिकट रस) त्या माव्याची राखण करतात आणि अळ्या उचलून नेतात. बांबू आणि सुतळीवरून त्यांची रांग वर चढत असेल तर आधी वारूळ शोधा.

फळ पोखरणाऱ्या अळीसाठी सापळा पीक म्हणून झेंडू, टोमॅटोच्या 16 ओळींना 1 ओळ. त्याचं रोप 40 दिवसांचं आणि टोमॅटोचं 25 दिवसांचं असावं, नाहीतर फुलं उशिरा येतात. कडेला मका लावा, प्रौढ क्रायसोपर्ला त्याच्या परागावर जगतात. जैविक फवारणीचा पंप रासायनिक औषधांच्या पंपापासून वेगळा ठेवा.

सोडणी संध्याकाळी करा. अळ्या खोडावर ओतू नका, टोमॅटोच्या चिकट केसांत लहान अळी अडकते. वरच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर ब्रशने ठेवा. कीड कमी असतानाच सोडा. बोकड्या (पानं आकसवणारा विषाणूरोग) दिसलेलं झाड उपटाच, विषाणूवर मित्रकीटक काही करू शकत नाही. पिवळे चिकट सापळे काढा, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) राहू द्या. दुसरी खेप 15 दिवसांनी. क्रायसोपर्ला फळ पोखरणाऱ्या अळीची फक्त अंडी आणि नुकती निघालेली पिल्लं खाते, मोठी अळी तिच्याकडून होत नाही. म्हणून ती मोठी व्हायच्या आधीच एचएएनपीव्ही (या अळीला मारणारं विषाणूजन्य जैविक औषध) फवारा: एकरी 100 एलई (त्याची मात्रा मोजायचं एकक), अळ्या बारीक असताना, सूर्य उतरल्यावर.