कॅज्युअल्टीच्या डेटावर थिसिस करताय? मग या चुका टाळा

थिसिस सबमिशन जवळ आलं की माझ्याकडे पेनड्राइव्ह घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. मी डॉक्टर नाही, स्टॅटिस्टिक्सवाला आहे, सोलापुरात बसून पीजी लोकांचे, म्हणजे एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरांचे, मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटच्या डेटाची शीट) बघणं हे माझं काम. येणारा प्रत्येकजण एकच वाक्य म्हणतो, "सर फक्त पी व्हॅल्यू काढून द्या, संध्याकाळपर्यंत होईल ना?" होईल ओ, पी व्हॅल्यू, म्हणजे दिसलेला फरक नुसता योगायोग आहे का हे बघायचा आकडा, दहा मिनिटात निघते. पण शीट उघडली की दिसतं की घोळ वर्षभरापूर्वीच, डेटा गोळा करताना झालाय आणि आता कुठलीही टेस्ट लावली तरी तो निघणार नाही.

ओपीडीतला डेटा वेगळा आणि इमर्जन्सीतला वेगळा, हे आधी डोक्यात घ्या. ओपीडीत पेशंट शांतपणे बसून माहिती देतो. कॅज्युअल्टीत जो सगळ्यात जास्त सिरियस त्याचाच केस पेपर सगळ्यात कोरा असतो, कारण सगळे जण त्याला वाचवायला धावत असतात, लिहायला कोणाला वेळ आहे. आणि नोंदीतून सगळ्यात आधी गायबही तोच होतो.

डामा झालेले पेशंट शीटमधून उडवणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे यावर जरा जास्त बोलणार.

डामा म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता सही करून पेशंट घरी नेणं, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे याची कारणं दोनच, पैसे संपले किंवा आशा संपली. तालेवार माणूस पेशंट पुण्याला हलवतो, गरीब माणूस घरी नेतो. आणि थिसिसवाला काय करतो तर "आऊटकम माहित नाही" म्हणून ती ओळच डिलिट करतो.

आता हिशोब बघा. समजा १०० पेशंट आले, १२ वॉर्डात वारले, १८ डामा झाले. तुम्ही लिहिता मॉर्टॅलिटी, म्हणजे मृत्यूचं प्रमाण, १२ टक्के. दुसरा हुशार म्हणतो डामा वगळा, मग ८२ पैकी १२, म्हणजे १४.६ टक्के. आणि त्या १८ मधले १५ घरी जाऊन वारले असतील तर? २७ टक्के. तेच हॉस्पिटल, तेच पेशंट, आणि आकडा दुपटीच्या वर. मग तुम्ही डिस्कशनमधे लिहिता की आमची मॉर्टॅलिटी बाहेरच्या स्टडीजपेक्षा कमी आली, अर्ली इंटरव्हेन्शनमुळे. कसलं अर्ली इंटरव्हेन्शन!

एक मुलगा आला होता, कॉलेज सांगत नाही. ऑर्गॅनोफॉस्फरस पॉयझनिंग, म्हणजे शेतातलं फवारणीचं औषध पिलेले पेशंट, त्यातले व्हेंटिलेटरवर गेलेले. शीट उघडली तर मृत्यू इतके कमी की मलाच शंका आली, व्हेंटिलेटरवरचे पॉयझनिंग इतके कसे वाचतात? सिरियल नंबर बघितले तर ७ नंतर ९, १४ नंतर १७. विचारलं मधले कुठायत. म्हणाला "सर ते डामा होते, गाईडनी काढायला सांगितले." केस पेपरवर नातेवाईकांचे नंबर होते का? होते. मग म्हटलं लाव फोन, इथेच बसून लाव. तो नाखुशीनेच लावायला लागला, अर्धे नंबर बंद, काही चुकीचे, एक लागला तो माढ्याच्या बाजूचा, पेशंटचा भाऊ. मुलाने स्पीकरवर टाकला. पलीकडून आवाज आला, "तेव्हाच गेले ओ सर, अॅम्बुची पिशवी दाबून श्वास देत नेत होतो, मोहोळ पण ओलांडलं नव्हतं." पोरगं गप्प झालं. पुढचे जे जे लागले त्यातले बहुतेक तसेच निघाले, त्या रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी. त्याचा निष्कर्षच उलटा झाला, ज्या औषधाच्या ग्रुपमधे मृत्यू कमी दिसत होते त्याच ग्रुपमधून डामा जास्त होते. सबमिशन पुढे ढकलावं लागलं, गाईड माझ्यावर चिडले ते वेगळंच.

माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. प्रोफॉर्मात, म्हणजे पेशंटची माहिती भरायच्या फॉर्मात, दोन मोबाईल नंबर घ्यायचे, एक जवळच्या नातेवाईकाचा आणि एक ज्याने गाडीतून आणलं त्याचा, कारण गाडीवाल्याचा नंबर सहसा बदलत नाही. भरतीच्या वेळीच विचारून ठेवायचं की तिसाव्या दिवशी फोन केला तर चालेल का, आणि हे एथिक्स कमिटीच्या कागदातही लिहायचं. फोन संध्याकाळी सातनंतर, दिवसा माणूस शेतात असतो. अक्कलकोटच्या आणि सीमेपलीकडच्या पेशंटसाठी कन्नड बोलणारा आणि शहराच्या पूर्व भागातल्यांसाठी तेलुगू बोलणारा कोणीतरी शेजारी बसवायचा, वॉर्डातल्या मावशी किंवा मामा हे काम इंटर्नपेक्षा चांगलं करतात. मृत्यूची चौकशी करताना आधी "कसे आहात घरचे सगळे" म्हणायचं, डायरेक्ट "पेशंट जिवंत आहे का" नाही, हे पण शिकवावं लागतं हल्ली.

जे सापडणारच नाहीत त्यांचं काय? दोनदा हिशोब करा. एकदा सगळे वारले धरून, एकदा सगळे जगले धरून, आणि दोन्ही आकडे छापा. दोन्हीत निष्कर्ष तोच आला तर बिनधास्त लिहा, नाही आला तर तसं लिहा. असले स्टडीज कसे लिहायचे याची स्ट्रोब नावाची गाईडलाईन २००७ पासून आहे, किती आले, किती गळाले, का गळाले ते सांगा असं त्यात स्वच्छ म्हटलंय, फ्लोचार्ट काढायचा विचार करा असंही. काढतं कोण! ब्रॉट डेड, म्हणजे आणलं तेव्हाच मेलेले, आणि आल्यावर तासाभरात गेलेले पण त्या चार्टमधे दिसले पाहिजेत.

याच विषयातलं आपल्या शेजारचं उदाहरण द्यायचा मोह होतो. २००६ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधे बारामतीची ट्रायल आली, ऑर्गॅनोफॉस्फरसचेच २०० पेशंट. सगळ्यांना आधी २ ग्रॅम पॅम (या विषावरचा उतारा, प्रॅलिडॉक्झिम), मग निम्म्यांना ४८ तास दर तासाला १ ग्रॅम सलग आणि निम्म्यांना दर चार तासांनी १ ग्रॅम. मृत्यू १ टक्का विरुद्ध ८ टक्के. २००९ मधे श्रीलंकेत २३५ पेशंटवर पॅम विरुद्ध प्लासिबो (औषध नसलेला नुसता डोस) केलं तर फायदा नाहीच, उलट पॅमवाल्यांमधे मृत्यू जास्त दिसले. प्रत्येक थिसिसमधे यातला एकच पेपर असतो, ज्याचा निकाल स्वतःशी जुळतो तो. बारामतीत पेशंट विष पिल्यावर लवकर पोचलेले होते आणि तुलना डोस विरुद्ध डोस अशी होती, हे कोणी बघतच नाही. पेशंट कोण आणि किती तासांनी आला हे न बघता टक्के शेजारी शेजारी ठेवून काय उपयोग.

घड्याळ कुठलं?

दुसरा माझा आवडता राग. "डोअर टू नीडल टाईम", म्हणजे दारात आल्यापासून इंजेक्शन मिळेपर्यंतची वेळ, असा विषय घेतात आणि डोअर म्हणजे काय हेच ठरलेलं नसतं. गेटवर आला ती वेळ, केस पेपर निघाला ती, का सीएमओनी (कॅज्युअल्टीच्या ड्यूटी डॉक्टरनी) बघितलं ती? केस पेपरच्या खिडकीवर रांग असेल तर यात सहज वीस मिनिटांचा फरक पडतो, आणि तुमचं टार्गेट आहे ३० मिनिटांचं! ईसीजी १० मिनिटात व्हायला पाहिजे म्हणता आणि ईसीजी मशीनचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाच्या पुढे पळतंय. एका शीटमधे तर ईसीजीची तारीख १ जानेवारी २०१० होती, मशीनची आतली बॅटरी गेलेली, आणि त्या मुलीने ती तारीख निष्ठेने जशीच्या तशी टाईप केलेली. डेटा सुरू करायच्या आधी एकदा मोबाईल हातात घेऊन भिंतीवरचं घड्याळ, ईसीजी, मॉनिटर, कॉम्प्युटर सगळ्यांची वेळ जुळवा, आणि दर सोमवारी परत बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे पण कोणाला ते रिसर्च वाटतच नाही.

मी शीट आली की पहिलं काम काय करतो तर वेळेतले फक्त मिनिटं बाजूला काढून मोजतो. ०० आणि ३० चा ढीग दिसला की समजायचं वेळा नंतर अंदाजाने भरल्यात. खरं रजिस्टर असेल तर १०:०७, १०:४३ असल्या वाकड्यातिकड्या वेळा असतातच. अँटिबायोटिक पेशंट यायच्या आधी दिलेलं असं पण सापडतं, ते रेफर होऊन आलेले, बार्शीला किंवा पंढरपूरला पहिला डोस झालेला आणि तुम्ही घड्याळ सोलापूरपासून सुरू केलं. त्यांचा पहिला संपर्क वेगळ्या कॉलममधे घ्या, १०८ ने आले असतील तर तिथली वेळ पण. आणि तारीख आणि वेळ एकाच सेलमधे लिहा रे बाबांनो, रात्री ११:५० ला आलेला आणि १२:२० ला इंजेक्शन दिलेला पेशंट एक्सेलमधे वजा वेळ दाखवतो, सेलमधे नुसते #### असे शिक्के येतात, मग तुम्ही मला फोन करता की "सर एक्सेल खराब झालंय".

लवकर बघितलेला पेशंट मरतो म्हणे

हा निष्कर्ष मला दर वर्षी कोणीतरी आणून देतं. वेटिंग टाईम कमी तेवढी मॉर्टॅलिटी जास्त, पी ०.००१ पेक्षा कमी, चेहऱ्यावर आनंद. अरे जो मरायला टेकलाय त्यालाच आधी बघतात ना, त्यालाच ट्रायेज म्हणतात. ट्रायेजची कॅटेगरी, बीपी, जीसीएस (शुद्धीचा स्कोअर), ऑक्सिजन, वय हे पहिल्या दहा मिनिटातले आकडे घेतलेच नसतील तर ही तुलना करूच नका. नंतर भरून येत नाहीत ते.

याचाच जुळा भाऊ म्हणजे "सीटी झालेले पेशंट जास्त जगले". सीटीपर्यंत पोचायला आधी जगावं लागतं की! जे अर्ध्या तासात गेले ते सगळे आपोआप "सीटी नाही" या ग्रुपात पडले. आयसीयू, डायलिसिस, व्हेंटिलेटर, सगळीकडे हाच प्रकार. मी साधं करतो, एक वेळ ठरवतो, समजा सहा तास, आणि सहाव्या तासाला जिवंत असलेल्यांचीच तुलना तिथून पुढे करतो.

हॉस्पिटलमधे राहण्याचे दिवस कमी झाले म्हणून टाळ्या वाजवू नका. लवकर मेलेला पेशंट पण कमी दिवस राहतो.

एका हॉस्पिटलचा निकाल म्हणजे जगाचा निकाल नाही

२००१ मधे रिव्हर्स या डॉक्टरचा पेपर आला, सेप्सिसच्या (अंगभर भिनलेल्या इन्फेक्शनच्या) पेशंटला ठरलेल्या प्रोटोकॉलने लवकर ट्रीटमेंट द्यायची, डेट्रॉईटचं एकच सेंटर, २६३ पेशंट, मृत्यू ४६.५ वरून ३०.५ टक्के. जगभर प्रोटोकॉल बदलले. मग २०१४ मधे प्रोसेस आणि अराईज, २०१५ मधे प्रोमिस अशा तीन मोठ्या ट्रायल आल्या, तिन्हीत मिळून चार हजारांवर पेशंट, आणि नेहमीच्या चांगल्या ट्रीटमेंटपेक्षा त्या प्रोटोकॉलचा फायदा काही दिसला नाही. मधल्या काळात नेहमीची ट्रीटमेंटच सुधारली होती हे त्यातलं एक कारण सांगतात. आणि तुमचे साठ पेशंट घेऊन तुम्ही "दिस स्टडी प्रूव्ज" लिहिता.

वेळ कमी केली म्हणजे जीव वाचलेच असंही नाही. अमेरिकेत अँजिओप्लास्टीचा डोअर टू बलून टाईम (दारात आल्यापासून फुगा फुगवेपर्यंतची वेळ) तीन-चार वर्षांत ८३ मिनिटांवरून ६७ वर आणला, २०१३ च्या पेपरात हॉस्पिटलमधले मृत्यू जवळपास तेवढेच, ४.८ चे ४.७ टक्के. त्यामुळे आऊटकम आधीच ठरवा, हॉस्पिटलमधला मृत्यू का ३० दिवसांतला, आणि सिनॉप्सिसमधे, म्हणजे थिसिसच्या आधी देता त्या आराखड्यात, एकच मुख्य ठेवा. दहा आऊटकम ठेवून ज्याची पी व्हॅल्यू जमली तो मुख्य, हा धंदा बंद करा.

बाकीच्या, पटापट

फक्त स्वतःच्या ड्यूटीतले पेशंट घेणे. मग रात्री तीनचे अॅक्सिडेंट कुठे गेले? आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत कॅज्युअल्टी वेगळीच असते, तेच आठवडे नेमके सोडलेले असतात.

सिनियरची थिसिस कॉपी करणे. एका सोलापूरच्या थिसिसमधे "कोस्टल पॉप्युलेशन" वाचलंय मी.

विडी कामगार बाईला "स्मोकर - नाही" लिहून पुढे जाणे. ती ओढत नाही पण दिवसभर तंबाखू हाताळते, धंदा वेगळा लिहा.

एक्सेलमधे लाल म्हणजे वारला, पिवळा म्हणजे रेफर. सॉफ्टवेअरला रंग वाचता येत नाहीत. १ आणि ० लिहा आणि कशाला काय म्हटलंय ते वेगळ्या शीटवर लिहा.

बीपी "१२०/८०" एकाच सेलमधे. आणि शॉकमधल्या पेशंटचं बीपी मिळालं नाही तर तो सेल कोरा सोडणे, म्हणजे सगळ्यात आजारी माणूस अॅनालिसिसमधून बाहेर. न मिळणं हीच तिथं माहिती आहे, तिला वेगळा कोड द्या.

कन्सेंट फॉर्म फक्त इंग्लिश आणि मराठीत. आपल्या गावात?

बेशुद्ध पेशंटच्या संमतीचं काय करायचं हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाईडलाईनमधे दिलंय, ते एथिक्स कमिटीला आधी विचारा, पेशंट शुद्धीवर आल्यावर नाही. आणि ट्रायल असेल तर सीटीआरआय (देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) रजिस्ट्रेशन पहिला पेशंट घ्यायच्या आधी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून रजिस्टर करून घेत नाहीत, त्यामुळे "सर बॅकडेटेड काही होतं का" हे विचारायला येऊ नका.