मुसलमानांविषयीची बातमी पेन्सिल घेऊन कशी वाचावी

रात्रीचे पावणेबारा वाजले होते. आमच्या दैनिकाची शहर आवृत्ती सोडायला पंधरा मिनिटं उरली होती आणि पुण्यातल्या मोठ्या मुस्लिम वस्तीच्या कोंढव्याहून बातमी आली. गॅरेजसमोर दुचाकी लावण्यावरून दोन शेजाऱ्यांची मारामारी, एकाच्या डोक्याला सहा टाके. मी मथळा दिला : 'कोंढव्यात दोन गटांत हाणामारी, परिसरात तणाव'. पान लावणारे आमचे ऑपरेटर कोंढव्यातच राहायचे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांचा हात माऊसवर थांबला. "ताई, तणाव कुठं होता? मी आत्ता तिथूनच आलोय. पानटपरीसुद्धा उघडी होती." मी म्हटलं, "वेळ नाहीये चाचा, जाऊ द्या." पान गेलं. चाचांच्या मुलीला घरी शिकवायला येणाऱ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी निरोप धाडला, तिकडचं वातावरण निवळेपर्यंत येणार नाही.

ती चूक माझी होती आणि ती मी विसरलेले नाही. मारामारी झाली होती, टाके पडले होते, पोलिसांत नोंद होती. फक्त 'दोन गट' आणि 'तणाव' हे शब्द माझे होते. कोथरूडमध्ये हीच घटना घडली असती तर मी 'पार्किंगच्या वादातून एकास मारहाण' असं लिहून मोकळी झाले असते. रात्रपाळीत १९ वर्षं काढल्यावर मी खात्रीने सांगू शकते, की मुसलमानांवरचा अन्याय धडधडीत खोट्या बातमीतून क्वचितच होतो. तो होतो शब्दातून, फोटोतून, पानाच्या जागेतून आणि जी बातमी छापलीच जात नाही तिच्यातून. म्हणूनच तो वाचकाला पकडता येतो. एक पेन्सिल घ्या.

आधी मथळा झाका आणि नुसती बातमी वाचा. संपल्यावर स्वतः मथळा द्या, मग छापलेला बघा. मथळा बातमीदार देत नाही, डेस्कवरचा उपसंपादक देतो, तोही घाईत आणि कॉलमच्या रुंदीत बसेल असा. त्यामुळे बातमीत 'चौकशीसाठी बोलावले' आणि मथळ्यात 'पुणे कनेक्शन उघड' असं सर्रास होतं. आता बातमीतली नावं आणि पेठ बदलून पाहा. मोमीनपुऱ्याच्या जागी सदाशिव पेठ टाका. 'संवेदनशील भाग', 'विशिष्ट समाज', 'जमाव' हे शब्द तिथे टिकतात का? टिकत नसतील तर त्यांच्याखाली रेघ मारा. चोरीच्या, अपघाताच्या बातमीत आरोपीचा धर्म कशाला आला, हेही विचारा. गुन्ह्याशी संबंध नसताना तो आला असेल तर दुसरी रेघ.

मग क्रियापदांकडे या. 'समजते', 'बोलले जाते', 'सूत्रांनी सांगितले', 'धागेदोरे असल्याची शक्यता'. असं प्रत्येक वाक्य कंसात टाका आणि उरलेली बातमी वाचा. अनेकदा तीन ओळीच उरतात, त्याही पोलिसांच्या प्रेसनोटच्या. क्राइमच्या बातमीदाराला पोलीस रोज भेटतात. आरोपीची आई त्याला भेटत नाही, आणि तिच्या वस्तीत त्याची ओळखही नसते. याला दरवेळी द्वेष म्हणू नये. पण वस्तीत ओळखच नसणं हे आपोआप घडत नाही. २००६ मध्ये दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या ३१५ निर्णय घेणाऱ्या पदांची पाहणी झाली होती. त्यांत मुसलमान सुमारे ३ टक्के निघाले. २००१च्या जनगणनेत देशातलं प्रमाण १३.४ टक्के होतं. आमच्या डेस्कवर चाचा होते, पण ते पान लावायचे. मथळा द्यायच्या खुर्चीत त्यांच्या वस्तीतलं कुणी नव्हतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खटल्याचे शब्द. 'ताब्यात', 'अटक', 'दोषारोपपत्र', 'आरोप निश्चित', 'दोषी' या पाच वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरच्या माणसाला मथळ्यात 'मास्टरमाइंड' म्हटलं असेल तर तिथे गोल करा. बाहेर पडायचे शब्दही वेगळे आहेत : खटला उभा राहण्याआधीच न्यायालय 'आरोपमुक्त' करतं, खटला चालून पुरावा न टिकल्यास 'निर्दोष मुक्तता' होते, आणि उच्च न्यायालय गुन्हाच 'रद्द' करू शकतं. जामीन मिळाला म्हणजे सुटला असं नाही, आणि जामीन नाकारला म्हणजे दोषी ठरला असंही नाही.

माझ्याकडे बुटांच्या खोक्यात कात्रणं आहेत. प्रत्येक कात्रणाच्या मागे तारीख, पान क्रमांक आणि किती कॉलम हे लिहिलंय. ८ सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटानंतर ९ मुस्लिमांना अटक झाली. २०११ मध्ये त्यांना जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांच्यावरचे आरोप काढून टाकले. मार्च-एप्रिल २०२० मध्ये तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेने करोना पसरवला म्हणून काय काय छापून आलं, ते आपण सगळ्यांनी वाचलंय. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातीच्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. वृत्तपत्रं आणि वाहिन्यांतून या लोकांविरुद्ध मोठा अपप्रचार झाला, त्यांना बळीचा बकरा करण्यात आलं, असा निकालाचा सूर होता. तुमच्या घरी येणाऱ्या पेपरात तो निकाल कुठल्या पानावर, किती कॉलम आला, हे वाचनालयात जाऊन जुना अंक काढून बघा. बातमीचा शेवट असाच शोधावा लागतो. न्यायालयांच्या 'ई-कोर्ट्स' या संकेतस्थळावर आरोपीच्या नावाने किंवा एफआयआर क्रमांकाने खटल्याची स्थिती कळते.

फोटोंबद्दल थोडक्यात. महागाई असो, निवडणूक असो, मुसलमान दाखवायचा म्हणजे पाठमोरी नमाजाची रांग, टोपी किंवा बुरखा. खाली 'संग्रहित', म्हणजे जुना फोटो, असं लिहिलंय का ते पाहा. आणि महिनाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा : आज पेपरात मुसलमान माणूस कशासाठी आला? गुन्हा, ईद की इतर? पाणीकपातीवर बोलणारी सोसायटीची सेक्रेटरी, डेंग्यूवर बोलणारे डॉक्टर, दहावीच्या निकालावर बोलणारे मुख्याध्यापक यांत किती जण आले? 'समाजाचं मत' म्हणून दरवेळी एकाच मौलानांचं वाक्य येत असेल तर तेही नोंदवा. ज्या शहरात समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, तिथे हा समाज एका आवाजात बोलतो असं कसं छापता येतं?

चूक पक्की दिसली तर संपादकांना लिहा. रागाचं पत्र टोपलीत जातं, हे मी स्वतः पाहिलंय. तारीख, पान, मथळा, नेमका चुकीचा शब्द, त्याचा पुरावा आणि हवी ती दुरुस्ती, एवढंच अर्ध्या पानात. पोच ठेवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वृत्तपत्रांवर देखरेख करणाऱ्या भारतीय प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिकासाठी मुदत छापल्यापासून २ महिने. सोबत मूळ कात्रण, त्याचं इंग्रजी भाषांतर, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार आणि या विषयावर कुठल्याही न्यायालयात प्रकरण चालू नाही असं निवेदन. कौन्सिल दंड करू शकत नाही. ताकीद देते, ठपका ठेवते. वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. तरीही कौन्सिलचं पत्र आलं की संपादकांना लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि त्यासाठी ती बातमी कुणी लावली, हा प्रश्न डेस्कवर येतो.

दर रविवारी चाचा आणि मी हे खोकं उघडून बसतो. ते आता निवृत्त आहेत, चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणून मी वाचते आणि रेघा ते मारतात. कोंढव्याचं माझं ते कात्रणही त्यात आहे. 'तणाव'खालची रेघ त्यांनी मला मारायला लावली.