एआरटी घेणाऱ्या रुग्णाला बीपीची गोळी सुरू करताना

एचआयव्हीची औषधे, म्हणजे एआरटी, नियमित घेणारी माणसे आता साठी ओलांडतात आणि वयाबरोबर येणारा रक्तदाब त्यांनाही गाठतो. इंदूरच्या एमवाय रुग्णालयातील एआरटी केंद्रात एचआयव्हीची औषधे मोफत मिळतात. बीपीसाठी मात्र तोच रुग्ण बहुधा मोहल्ल्यातल्या फॅमिली डॉक्टरांकडे जातो, आणि त्यांना पहिल्या आजाराचा पत्ता नसतो. ही दोन टोके जोडताना रुग्णाचे गुपित कसे जपावे, हे समुपदेशक, परिचारिका आणि डॉक्टर यांच्यासाठी येथे मांडले आहे.

सुरुवात बीपी मोजण्यापासूनच करावी. कशासाठी मोजतो आहोत ते सांगावे, रुग्णाला पाच मिनिटे पाठ टेकवून बसू द्यावे आणि आकडा रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असा पुकारू नये. केंद्रावर कोणी ओळखीचे भेटेल या धास्तीनेच अनेकांचा दाब चढलेला असतो, म्हणून आकडा फार वर नसेल तर एकाच दिवशीच्या १४०/९० वरून आयुष्यभराची गोळी लिहू नये. बीपी मोजू देण्यास किंवा त्याची गोळी घेण्यास कोणी नकार दिला, तर त्याची एआरटी अडवून धरणे हा सरळ अन्याय आहे.

यानंतर खरा पेच येतो: फॅमिली डॉक्टरांना सांगायचे की नाही? १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार न्यायालयाच्या आदेशाखेरीज कोणालाही आपली एचआयव्हीची स्थिती उघड करण्याची सक्ती करता येत नाही. उपचारासाठी आवश्यक असेल तेव्हा एका डॉक्टरने त्याच रुग्णाच्या दुसऱ्या डॉक्टरला ती कळवण्याची मुभा मात्र कायदा देतो. माझ्या मते मुभा असली तरी आधी विचारावे, आणि विचारताना कारण स्पष्ट सांगावे: “काकू, तुमच्या चालू गोळ्या ठाऊक नसतील तर डॉक्टरांचा बीपीच्या डोसचा अंदाज चुकू शकतो. चिठ्ठीवर काय लिहू, तुम्हीच सांगा.” हे कारण केवळ बोलण्यापुरते नाही. रिटोनाव्हिर असलेल्या एचआयव्हीच्या औषधांबरोबर अॅम्लोडिपिन या बीपीच्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते, दाब फार उतरू शकतो आणि घोट्यांना सूज येते. इफाव्हिरेंझ या एचआयव्हीच्या दुसऱ्या औषधाबरोबर तेच प्रमाण घटते. डोल्युटेग्राव्हिर या एचआयव्हीच्या औषधाचे अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन या बीपीच्या औषधांशी सहसा वाकडे नाही, पण त्याच्या जोडीच्या टेनोफोव्हिरमुळे मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते, म्हणून क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ताची) तपासणी चुकवू नये. एवढे समजावूनही रुग्ण ‘नको’ म्हणाला, तर एआरटीच्या डॉक्टरांनीच बीपीची गोळी लिहावी आणि तपासावी. केंद्राचा शिक्का आणि औषधांची नावे हीसुद्धा चुगली करतात. दवा बाजारात दाखवायच्या चिठ्ठीवर फक्त बीपीचे औषध असावे.

घरातली बाजू याहून नाजूक असते. एकत्र कुटुंबात अनेक जण एआरटीच्या गोळीला ‘बीपीची गोळी’ म्हणून वेळ निभावून नेतात, आणि बीपीला कोणी नाक मुरडत नसल्यामुळे ही सबब खपूनही जाते. समुपदेशकाने ती स्वतः सुचवू नये, पण रुग्णाला त्याबद्दल खजीलही करू नये. तो आपले घर सांभाळत असतो. धोका मात्र उघड बोलावा. सासूबाईंची गोळी संपली की “सूनबाई, तुझ्यातली एक दे गं” ही मागणी ठरलेलीच, आणि खरी बीपीची गोळी सुरू झाल्यावर दोन डब्यांची अदलाबदल होऊन एकीचा डोस दुप्पट आणि दुसरीचा शून्य होऊ शकतो. म्हणून बीपीची पट्टी आहे तशी सर्वांसमोर ठेवावी, एआरटीची डबी कुलपात ठेवावी, आणि ती खुळखुळत असेल तर आत थोडा स्वच्छ कापूस घालावा. दोन्ही गोळ्यांच्या वेळा वेगळ्या ठरवल्या की घोटाळा आणखी टळतो.

मूल हवे असलेल्या स्त्रीला टेल्मिसार्टन देऊ नये, कारण गर्भाला ते अपायकारक आहे. हा प्रश्न विचारताना ‘या आजारात आता मूल कशाला’ असा सूर चुकूनही लागू नये. मूल होऊ देण्याचा निर्णय तिचा आहे, आणि एआरटी नीट चालू असेल तर बाळाला लागण होण्याची शक्यता फार कमी राहते.

शेवटी खर्च आणि खेपा. एआरटी मोफत असली तरी बीपीची गोळी सरकारी साठ्यात नसेल तर खिशातून घ्यावी लागते. तेव्हा स्वस्त जेनेरिक लिहावे आणि पैसे नाहीत म्हणून गोळी बंद पडली का, हे पुढच्या वेळी न रागावता विचारावे. ज्याला तीन महिन्यांची एआरटी एकदम मिळते, त्याला केवळ बीपीसाठी महू किंवा देपालपूरहून दर महिन्याला केंद्रावर बोलावू नये. मधले आकडे गावच्या आरोग्य केंद्रात घ्यावेत. तिथे कोणाचाही बीपी मोजतात, आणि आणखी कोणते आजार आहेत हे सांगावे लागत नाही.