डासांच्या मशीनला करपट वास येतोय?

पावसाळ्यात दापोली-गुहागरकडे तिन्हीसांजेला दारं लोटली की डासांचं लिक्विड मशीन लागतंच. त्यातून करपट वास येऊ लागला तर बटण बंद करा, मशीन निवू द्या आणि रिफिल काढून उजेडात धरा. बहुतेक वेळा बाटली रिकामी असते, आपण मात्र मशीन रात्रंदिवस चालूच ठेवलेलं! वात खालून द्रव ओढते आणि वरची गरम कडी तो उडवते. द्रव संपला की कोरडं टोकच भाजतं. समईत तेल संपल्यावर वात जळते ना, तसंच.

बाटलीत द्रव असूनही वास येत असेल तर मशीन आडवं लागलंय का बघा. वात काळी, कडक झाली असेल तर रिफिलच बदला. जुन्या बाटलीत रॉकेल किंवा सुटं औषध भरायचा काटकसरी उद्योग अजिबात नको, आग लागेल.

आपल्या खाऱ्या दमट हवेत पिना गंजतात, सॉकेट सैल होतं. प्लास्टिक वितळल्यासारखा वास आला, तर मशीन फेका आणि सॉकेट वायरमनला दाखवा.