अमेरिकेतील शाळांमध्ये स्पीच थेरपिस्ट होण्यासाठी: पदव्युत्तर शिक्षणाची निवड आणि तयारी

उच्चार, तोतरेपणा, भाषेची समज आणि संवाद यांत अडचण असलेल्या मुलांसोबत काम करणाऱ्या व्यक्तीला आपण सर्रास स्पीच थेरपिस्ट म्हणतो. अमेरिकेत या व्यवसायाचे अधिकृत नाव स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट असे आहे, तर न्यू जर्सीमध्ये शाळेतील पदाचे प्रमाणपत्र स्पीच-लँग्वेज स्पेशालिस्ट या नावाने दिले जाते. व्यवसायाची राष्ट्रीय संघटना ‘आशा’ हिचे प्रमाणपत्र मिळवायचे असेल, तर पदव्युत्तर पदवी अनिवार्य आहे.

विद्यापीठ निवडताना सर्वांत आधी त्या अभ्यासक्रमाला संघटनेच्या मान्यता परिषदेची मान्यता आहे का, हे तपासावे. ती नसेल तर पुढचे काहीही पाहण्यात अर्थ नाही. पदवी वेगळ्या विषयातील असली तरी मार्ग बंद होत नाही. मात्र ध्वनिशास्त्र, वाचेंद्रियांची रचना, बालकांचा भाषाविकास आणि श्रवणशास्त्र असे पायाभूत विषय बहुतेक ठिकाणी आधी पूर्ण करावे लागतात. याशिवाय जीवशास्त्र, संख्याशास्त्र, सामाजिक किंवा वर्तनशास्त्र आणि भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र यांतील शिक्षण प्रमाणपत्रासाठी आवश्यक आहे. आपल्या इंग्रजीला मराठी वळण आहे म्हणून कोणी मागे सरू नये, कारण लहेजा ही अपात्रता नाही. मुलाला अपेक्षित ध्वनी करून दाखवता येणे आणि त्याची चूक अचूक ऐकू येणे, ही कौशल्ये मात्र असायलाच हवीत.

अभ्यासक्रमाचा खरा कस प्रत्यक्ष कामाच्या तासांत लागतो. 2020 पासून लागू झालेल्या निकषांनुसार एकूण 400 तास भरावे लागतात. त्यांपैकी 25 तास मार्गदर्शनाखालील निरीक्षणाचे आणि 375 तास प्रत्यक्ष रुग्ण-विद्यार्थ्यांसोबतच्या कामाचे असतात. या 375 पैकी किमान 325 तास पदव्युत्तर शिक्षणाच्या काळातच व्हावे लागतात. हे तास दवाखान्यात, रुग्णालयात आणि शाळेत विभागलेले असल्यामुळे, शाळेतील नेमणूक किती आठवड्यांची असते, ती विद्यापीठ मिळवून देते की विद्यार्थ्याला स्वतः शोधावी लागते, आणि पर्यवेक्षक सत्रानंतर बसून चर्चा करतो का, हे प्रवेशापूर्वीच विचारावे. माझ्या मते विद्यापीठाच्या नावलौकिकापेक्षा या तीन प्रश्नांची उत्तरे अधिक मोलाची आहेत, कारण मुलांचा गट सांभाळणे किंवा वर्गशिक्षकाशी वेळ जुळवणे व्याख्यानातून येत नाही.

शाळेतील काम दवाखान्यापेक्षा मुळातच वेगळे आहे, कारण ते कायद्याने बांधलेले आहे. 1975 मध्ये संमत झालेला आणि पुढे ‘आयडिया’ या नावाने ओळखला जाऊ लागलेला विशेष शिक्षणाचा कायदा मुलाला सेवा कधी मिळेल हे ठरवतो. केवळ दोष आहे एवढे पुरत नाही. त्याचा शिक्षणावर प्रतिकूल परिणाम होतो हे दाखवावे लागते. पालकांच्या संमतीनंतर 60 दिवसांत, किंवा राज्याने ठरवलेल्या मुदतीत, प्राथमिक मूल्यमापन पूर्ण करायचे असते. मूल पात्र ठरल्यास त्याच्यासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार होतो आणि त्याचा वर्षातून किमान एकदा आढावा घेतला जातो. या आराखड्यातील उद्दिष्टे लिहिण्याचा सराव शिक्षणाच्या काळातच भरपूर करावा. ‘उच्चार सुधारेल’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘स्वतःहून बोललेल्या वाक्यांत र हा ध्वनी 10 पैकी 8 वेळा स्पष्ट उच्चारेल’ हे मोजता येते आणि पालकांनाही कळते.

मराठी भाषक विद्यार्थ्याने एका विषयात विशेष खोलवर जावे, असे मला कळकळीने वाटते. तो विषय म्हणजे भाषाभेद आणि भाषादोष यांतील फरक. आपल्या ‘चहा’ आणि ‘चाक’ या शब्दांतील च वेगवेगळे आहेत, आणि व हे एकच अक्षर इंग्रजीतील v आणि w या दोन ध्वनींच्या जागी सर्रास येते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने इंग्रजीत हे दोन ध्वनी एकसारखे उच्चारले, तर तो त्याच्या घरच्या भाषेचा ठसा असू शकतो, दोष नव्हे. शक्य असेल तेथे मुलाच्या स्वतःच्या भाषेतच मूल्यमापन करावे, असे कायदा सांगतो. केवळ इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर प्रमाणित केलेल्या चाचणीच्या गुणांवरून द्विभाषिक मुलावर शिक्का मारणे हा त्या मुलावर अन्याय आहे. उलट, मूल मराठीतही वयाच्या मानाने मागे असेल, तर ‘दोन भाषांमुळे गोंधळले असेल’ असे म्हणून मदत लांबवणेही तितकेच घातक ठरते. म्हणून पालकांकडून घरच्या भाषेचा इतिहास नीट विचारून घेण्याची सवय पहिल्याच नेमणुकीत लावून घ्यावी.

प्रमाणपत्रासाठी प्रॅक्सिस ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते आणि तीत 162 गुण आवश्यक असतात. पदवीनंतर अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली किमान 36 आठवडे आणि 1,260 तासांची फेलोशिप करावी लागते. ती शाळेतही करता येते. शाळेत नेमणुकीसाठी लागणारी प्रमाणपत्रे मात्र राज्यागणिक बदलतात. त्यामुळे जेथे काम करायचे आहे त्या राज्याच्या शिक्षण विभागाच्या अटी पहिल्या सत्रातच वाचून ठेवाव्यात, आणि शाळेचा करार स्वीकारण्यापूर्वी फेलोशिपचा मार्गदर्शक कोण असेल व तो आठवड्यातून किती वेळ देऊ शकेल, हे लेखी मागून घ्यावे.